शेक्सपिअरच्या चित्राचा सातबारा

जुनाट_पेटारा

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज जमतंय. मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा ट्राफल्गार चौकाच्या मागच्या अंगाला असलेली नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी बघितली. तिकीट नाही, फुकट. तिथे ते चित्र आहे, ज्याला 'शँडॉस पोर्ट्रेट' म्हणतात, म्हणजे आपण शाळेत शेक्सपिअर म्हणून जो टकलू, कानात बाळी घातलेला माणूस बघितला त्याच्या निम्म्या अवताराचं मूळ. (निम्म्या म्हणायचं कारण उरलेला निम्मा १६२३च्या छापील संग्रहातल्या ड्रोसाउटच्या कोरीव चित्रावरून आलाय.)

पहिलं म्हणजे ते इतकं लहान आहे की मी एकदा पुढून निघून गेलो. साधारण ५५ बाय ४४ सेंटीमीटर, देवघरातल्या मोठ्या तसबिरीएवढं. कॅनव्हासवर तैलरंग, चौकटीच्या आत लंबगोल रंगवलेला. अंगातला काळा डगला मागच्या अंधारात पार मिसळून गेलाय, शर्टाची पांढरी कॉलर आणि तिच्या सुटलेल्या नाड्या दिसतात, आणि डाव्या कानातली सोन्याची बाळी. मी काचेवरची चमक चुकवायला जरा डावीकडे झुकलो तर बाळीवर एक ठिपका उजेड आहे तो दिसला, एवढासाच, पण सगळ्या चित्रात तेवढाच जिवंत वाटला. बाकी चेहरा घासून घासून साफ केल्यासारखा. दाढी आणि केस नंतर कुणीतरी वाढवलेत असं तिथल्याच तज्ज्ञांनी तपासून सांगितलंय.

पण मला चित्रापेक्षा त्याच्या मालकीची गोष्ट जास्त भावली. या संग्रहालयाच्या नोंदवहीत हे चित्र क्रमांक एक आहे. १८५६ साली संस्था स्थापन झाली आणि अर्ल ऑफ एल्समिअरने हे भेट दिलं. आता गंमत अशी की चित्रावर सही नाही, नाव नाही, साल नाही. मग हा शेक्सपिअर कशावरून? तर तोंडावरून नाही, मालकांच्या यादीवरून. आपल्याकडे जमिनीचा सातबारा बघून मालक ठरतो ना, तसा इथे सातबारा बघून चित्रातला माणूस ठरलाय.

फेरफार असे. चित्रकार बहुधा जॉन टेलर. त्याच्याकडून सर विल्यम डॅव्हेनंट. त्याच्याकडून नट थॉमस बेटरटन. मग वकील रॉबर्ट केक, मग त्यांच्या नात्यातलं निकोल घराणं, मग शँडॉसचे ड्यूक (नाव इथलं), मग बकिंगहॅम आणि शँडॉसचे ड्यूक, मग १८४८चा लिलाव, मग एल्समिअर, मग संग्रहालय. माझं मत आधीच सांगून टाकतो: या साखळीतल्या सगळ्या कड्या बऱ्यापैकी घट्ट आहेत, फक्त पहिली सोडून, आणि सगळं वजन नेमकं त्या पहिलीवरच टांगलंय. जाणकारांनी भर घालावी.

---

सोनकी

वाचतेय. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात तो फोटो होता त्याला आम्ही सगळ्यांनी मिशा जाड केल्या होत्या, म्हणजे दाढी वाढवणारे फक्त तिकडेच नव्हते :)

---

कज्जेदलाल

पेटारासाहेब, धंद्याने वकील आहे, आयुष्यभर बँकेसाठी टायटल सर्च रिपोर्ट लिहिलेत, म्हणून विचारतो. मदर डीड आहे का? म्हणजे टेलरकडून डॅव्हेनंटकडे आल्याचा काही कागद? मृत्युपत्र, पावती, पत्र, काहीही. नाहीतर ३० वर्षांचा सर्च क्लिअर आणि त्याआधी 'असं म्हणतात' अशी गत.

---

जुनाट_पेटारा

@कज्जेदलाल, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. कागद आहे पण तो मृत्युपत्र नाही, एका तिसऱ्याच माणसाची टिपण आहे. जॉर्ज व्हर्च्यू नावाचा कोरीव चित्रं करणारा आणि जुन्या चित्रांच्या मागे लागलेला माणूस होता, त्याने १७१९मध्ये आपल्या वहीत लिहून ठेवलं की हे चित्र केककडे आहे, त्याने ४० गिनीला बेटरटनकडून घेतलं, बेटरटनला डॅव्हेनंटकडून मिळालं, आणि चित्र काढणारा टेलर हा नट होता, चित्रकारही होता आणि शेक्सपिअरचा जवळचा दोस्त होता. म्हणजे शेक्सपिअर गेला १६१६ला आणि ही नोंद शंभर वर्षांनी. या व्हर्च्यूच्या वह्या पुढे होरेस वॉलपोलने विकत घेतल्या आणि इंग्लंडच्या चित्रकलेचा पहिला इतिहास त्यांच्या जीवावर लिहिला, त्यामुळे माणूस गप्पाष्टक नव्हता, पण ऐकीव ते ऐकीवच.

---

रानजाई

डॅव्हेनंटबद्दल लिहा की, तो तर एकदम मसाला आहे!

---

जुनाट_पेटारा

लिहितो. डॅव्हेनंटच्या वडिलांची ऑक्सफर्डला खानावळ म्हणजे दारूचा गुत्ताच होता, आणि शेक्सपिअर स्ट्रॅटफर्ड लंडन येता-जाता तिथे उतरायचा असं सांगतात. पोराचा जन्म १६०६चा, शेक्सपिअर म्हणे त्याचा धर्मपिता. म्हणजे शेक्सपिअर वारला तेव्हा हा दहा वर्षांचा. मोठा होऊन हा कवी झाला, नाटककार झाला, १६३८ला राजकवीच्या जागेवर बसला. आणि जॉन ऑब्री नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवलंय की दोन घोट पोटात गेले आणि मंडळी खास असली की डॅव्हेनंट म्हणायचा, मी शेक्सपिअरच्याच आत्म्याने लिहितो, आणि लोकांनी आपल्याला त्याचा खरा मुलगा समजावं याला त्याची हरकत नव्हती. आता स्वतःच्या आईच्या अब्रूचं काय होतंय याचा विचार नाही, कवी म्हणून वारसा मिळाला की झालं!

तर या माणसाच्या घरात शेक्सपिअरचं चित्र असणं हे अगदी साहजिक आहे, आणि घरात असलेल्या कुठल्याही दाढीवाल्याच्या चित्राला त्याने 'हे आमचे' म्हणणंही तितकंच साहजिक आहे. हीच माझी पंचाईत.

---

तिरफळ

पेटारा, तुम्ही डॅव्हेनंटला फार झोडपताय. माणूस राजाच्या बाजूने लढला, तुरुंगात गेला, आजारात नाक गेलं बिचाऱ्याचं (कुठला आजार ते विचारू नका), नाटकं बंद होती त्या काळातून रंगभूमी पुन्हा उभी केली. शेक्सपिअरला ओळखणारे कितीतरी लोक त्याच्या तरुणपणी जिवंत होते. खोटं चित्र दाखवून त्यांच्यासमोर मिरवलं असतं तर कुणीतरी टोकलं असतंच की.

---

कज्जेदलाल

@तिरफळ, 'कुणीतरी टोकलं असतं' हा पुरावा नसतो हो. आमच्या गावात एका माणसाने वीस वर्षं दुसऱ्याची विहीर स्वतःची म्हणून सांगितली, कुणी टोकलं नाही, सगळे पाणी भरत होते.

---

आवळासुपारी

😂😂 विहीर!

बाकी धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत एक खरंच माहितीचं लिहिते. जॉन टेलर हा कल्पनेतला माणूस नाही. लंडनला पेंटर-स्टेनर्स नावाची रंगाऱ्यांची जी कंपनी म्हणजे संघ होता त्यात जॉन टेलर नावाचा सभासद खरोखर होता, मेरी एडमंड यांनी १९८२मध्ये जुन्या दप्तरातून त्याचा माग काढला. त्यामुळे व्हर्च्यूने नाव हवेतून घेतलं नाही हे नक्की. त्याआधी लोक जोसेफ टेलर नावाच्या प्रसिद्ध नटाशी घोळ घालत होते.

---

जुनाट_पेटारा

@आवळासुपारी, धन्यवाद, हा मुद्दा सुटला होता. आणि जोसेफ टेलरवरून आठवलं, डॅव्हेनंटच्या घराण्याचीच दुसरी एक परंपरा तपासता येते, आणि ती खोटी निघते! बेटरटनने १६६१ला हॅम्लेट केला तेव्हा त्याला डॅव्हेनंटने शिकवलं. डाउन्स नावाच्या त्यांच्याच नाटकमंडळीतल्या प्रॉम्प्टरने १७०८मध्ये लिहिलं की डॅव्हेनंटने ब्लॅकफ्रायर्सच्या (म्हणजे शेक्सपिअरच्याच नाटक कंपनीच्या) टेलरला ही भूमिका करताना बघितलं होतं आणि त्या टेलरला खुद्द शेक्सपिअरने शिकवलं होतं. ऐकायला काय गोड, गुरू-शिष्य परंपरा, थेट घराण्याची गायकी. पण जोसेफ टेलर त्या कंपनीत आला १६१९ला, त्यांचा मुख्य नट बर्बेज वारल्यावर, आणि शेक्सपिअर तीन वर्षं आधीच गेलेला. म्हणजे डॅव्हेनंटच्या मंडळींना असली सलग साखळी जोडून द्यायची सवय होती. भूमिकेची साखळी जोडणारे चित्राची का नाही जोडणार?

---

तिरफळ

हा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण तरी. आता तुम्ही दुसऱ्या बाजूने बघा. बेटरटन हा काही ऐरागैरा नव्हता. निकोलस रोने १७०९ला शेक्सपिअरची नाटकं संपादित करून छापली आणि सोबत त्याचं पहिलं चरित्र लिहिलं, तेव्हा त्याला माहिती हवी म्हणून बेटरटन मुद्दाम स्ट्रॅटफर्डला जाऊन चौकशी करून आला. आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला जे कोरीव चित्र आहे ते याच शँडॉसवरून केलेलं. त्याच्याही आधी १६९४च्या आसपास चित्रकार क्नेलरने याची नक्कल करून कवी ड्रायडनला भेट दिली आणि ड्रायडनने त्यावर कविता केली की लिहायला बसण्याआधी मी या चित्राचा आशीर्वाद मागतो. ड्रायडन डॅव्हेनंटबरोबर काम केलेला माणूस आहे! म्हणजे डॅव्हेनंटला ओळखणारे दोघे-तिघे हे चित्र शेक्सपिअरचं मानत होते.

---

कज्जेदलाल

सगळे एकाच पक्षाचे साक्षीदार :)

पण ठीक आहे, १६९० ते आजपर्यंत टायटल क्लिअर दिसतंय, तेवढं मान्य करतो. मधे काही लफडं?

---

आवळासुपारी

आहे ना. केकने ते कुणाकडून घेतलं यावर दोन पाठ आहेत. व्हर्च्यू म्हणतो बेटरटनकडून, नंतरचे लोक म्हणतात एलिझाबेथ बॅरी या नटीकडून, तेही ४० गिनीलाच. बेटरटन १७१०ला गेला, बॅरीबाई १७१३ला. दोघं वर्षानुवर्षं एकत्र काम केलेले, त्यामुळे त्याच्याकडून तिच्याकडे आलं असू शकेल पण कागद नाही.

आणि याच साखळीची जॉर्ज स्टीव्हन्सने जी टर उडवली ती वाचून मी चहा सांडला होता. हा शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक, एडमंड मलोनचा स्पर्धक. मलोनने १७८३ला चित्रकार ओझायस हम्फ्रीकडून या चित्राची नक्कल काढून घेतली होती ना, त्यामुळे स्टीव्हन्सला चित्र आवडायचं कारणच नव्हतं. त्याने सगळ्या मालकांची नावं एकाला एक जोडून चित्राला विशेषणच करून टाकलं, डॅव्हेनंटीको-बेटरटनो-बॅरियन-केकियन-निकोल्सियन-शँडॉसन असं काहीसं. अगदी आपला संस्कृतातला लांबलचक समास!

---

रानजाई

दंडवत 🙏 हा समास मी पाठ करणार आहे.

---

जुनाट_पेटारा

आता माझा सर्वात आवडता फेरफार, कारण तो आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यातला वाटतो. निकोल घराण्याची मुलगी मार्गारेट, भरपूर श्रीमंत वारसदार, १७५३ला तिचं लग्न झालं शँडॉसच्या ड्यूकच्या घरात, नवरा पुढे तिसरा ड्यूक झाला. माहेरच्या इस्टेटीबरोबर चित्रही सासरी. मार्गारेट १७६८ला वारली, मूलबाळ नाही. ड्यूकने दुसरं लग्न केलं, त्या बायकोला मुलगी झाली, अ‍ॅना एलायझा. ड्यूक वारल्यावर १७९६ला त्या मुलीचं लग्न ग्रेनव्हिल घराण्यात झालं (हेच पुढे बकिंगहॅम आणि शँडॉसचे ड्यूक) आणि शेक्सपिअर तिच्याबरोबर त्यांच्या स्टो नावाच्या वाड्यात गेला. म्हणजे बघा, पहिल्या बायकोच्या माहेरचं चित्र दुसऱ्या बायकोच्या मुलीच्या रुखवतात! निकोलांचं कुणी उरलं असतं तर केवढी भांडणं झाली असती.

आणि चित्राला नाव पडलं ते शँडॉसचं, ज्यांनी त्याच्यासाठी एक पैही मोजली नव्हती.

---

सोनकी

हे अगदी आमच्या पितळी घंगाळासारखं झालं. आत्याच्या सवतीच्या माहेरचं, आणि नाव 'काकूचं घंगाळ'. काकूचा काही संबंध नाही.

---

पेंगुळलेला

लिलावाबद्दल कुणी लिहिणार आहे का? ड्यूक दिवाळखोर झाला एवढंच ऐकून आहे.

---

तिरफळ

मी लिहितो. ग्रेनव्हिल मंडळींना थाटाची खोड. दुसरा ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड शँडॉस तर कहरच, १८४५च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी मुक्कामाला आली तर त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि डोक्यावर कर्ज दहा लाख पौंडांच्या वर, त्या काळचे दहा लाख! १८४७ला जप्तीवाले घरात, आणि १८४८च्या ऑगस्टमध्ये स्टोच्या वाड्यातच लिलाव सुरू झाला तो ४० दिवस. चांदी, फर्निचर, पुतळे, दारू, सगळं. सगळ्याचे मिळून ७५ हजार पौंडांच्या वर आले, म्हणजे कर्जाच्या हिशोबात चिल्लर. त्यात शेक्सपिअर ३५५ गिनीला गेला. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तर ३७२ पौंड १५ शिलिंग. केकने ४० दिले होते, सव्वाशे-दीडशे वर्षांत नऊपट. बँकेत एफडी केली असती तरी जास्त मिळाले असते.

---

कज्जेदलाल

आणि घेणारा एल्समिअर. हा कोण?

---

आवळासुपारी

फ्रान्सिस एजर्टन. कालव्यांवर गबर झालेल्या ब्रिजवॉटरची इस्टेट त्याला मिळाली, लंडनला ब्रिजवॉटर हाउस, चित्रसंग्रह नामांकित. आणि कज्जेदलाल, तुम्हाला आवडेल असं एक: याच घराण्याच्या दप्तरात जॉन पेन कॉलिअरला शेक्सपिअरबद्दलची 'नवी कागदपत्रं' सापडली होती, १८३५ला त्याने छापली, आणि ती बनावट निघाली. कॉलिअरने स्वतःच घुसवलेली!

---

कज्जेदलाल

हे घ्या! आता सांगा, अशा घरातून आलेल्या मालावर मी सही कशी करू?

---

आवळासुपारी

नाही नाही, इथे घाई नको. चित्र एल्समिअरच्या हाती आलं १८४८ला. व्हर्च्यूची नोंद १७१९ची, रोचं पुस्तक १७०९चं. कॉलिअर तेव्हा जन्मलाही नव्हता. चित्राच्या बाबतीत तो निर्दोष आहे, आयुष्यात एकदातरी.

---

पेंगुळलेला

पण हल्ली विज्ञान आहे ना? रंग तपासून सरळ सांगता येत नाही का?

---

जुनाट_पेटारा

येतं, पण अर्धंच. २००६ला संग्रहालयाला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी शेक्सपिअर म्हणवणारी बरीचशी चित्रं एकत्र आणून तपासली, टार्न्या कूपर या क्युरेटरने ते काम केलं. तपासणीने 'हा नव्हे' सांगता येतं, 'हाच' सांगता येत नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीकडे फ्लॉवर पोर्ट्रेट नावाचं होतं, त्यावर चक्क १६०९ साल आणि नाव लिहिलेलं. २००५ला त्यात क्रोम यलो सापडला, जो रंग एकोणिसाव्या शतकाच्या आधी वापरात नव्हताच. आणि खाली एक्स-रेमध्ये दिसली मेरी आणि बाळ येशू, जुन्या धार्मिक चित्रावर शेक्सपिअर चढवलेला. बघा, ज्याच्यावर नाव-साल होतं तो खोटा. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातलं ग्राफ्टन पोर्ट्रेट, त्यावर १५८८ आणि वय २४, शेक्सपिअरचं वय बरोब्बर जुळतं, पण अंगावरचे कपडे तेव्हाच्या शेक्सपिअरला झेपणारे नाहीत. मग २००९ला कॉब पोर्ट्रेटचा गाजावाजा झाला, कूपरबाईंना ते पटलं नाही.

शँडॉसबद्दल निघालं ते एवढंच की रंग, कॅनव्हास, कॉलरची फॅशन सगळं साधारण १६०० ते १६१०च्या दरम्यानचं बसतं, आणि शेक्सपिअर असण्याचा सगळ्यात बळकट दावा याचाच. दावा. शिक्का नाही.

---

आवळासुपारी

याच्या बरोबर उलटं उदाहरण देते, त्याच संग्रहालयातलं. कवी जॉन डन. त्याच्या मृत्युपत्रातच लिहिलंय की सावलीत काढलेलं माझं ते चित्र रॉबर्ट करला द्यावं. डन वारला १६३१ला, चित्र करकडे गेलं, हा पुढे अर्ल ऑफ अँक्रम झाला, आणि मग स्कॉटलंडला लोदियन घराण्यातच राहिलं, कुठे विकलं नाही, कुठे लिलाव नाही. कज्जेदलाल, यापेक्षा सुरेख मदर डीड मिळणार नाही तुम्हाला! पण घरच्यांनी काय करावं? नावाची चिठ्ठी चुकली. डनच्या जागी डन्स स्कॉटस, म्हणजे तीनशे वर्षं आधीचा कुणी मध्ययुगीन पंडित! मोठी कडेची टोपी, उघडी कॉलर, प्रेमात पडल्यासारखे हात बांधलेला देखणा तरुण, आणि वर लॅटिनमध्ये 'बाई, आमच्या अंधारात उजेड कर' असं लिहिलेलं, आणि घरचे त्याला संन्यासी समजतायत. १९५९पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. २००६ला संग्रहालयाने लोकांकडून पैसे गोळा करून १४ लाख पौंडांना घेतलं.

---

कज्जेदलाल

म्हणजे एकाकडे कागद पक्का पण घरात नाव हरवलं, दुसऱ्याकडे नाव पक्कं पण कागदच नाही. डनच्या चित्रावर मी डोळे मिटून सही करतो. शेक्सपिअरचं कर्ज मंजूर करायचं तर साइड मार्जिनमध्ये शेरा मारून: पहिला फेरफार तोंडी.

---

तिरफळ

मारा शेरा. पण जॉर्ज शार्फ, संग्रहालयाचा पहिला सचिव, जन्मभर हीच जुळवाजुळव करत बसला, आणि त्याच्या संस्थेचा नियमच होता की चित्र घेताना चित्रकाराची करामत बघायची नाही, चित्रातला माणूस मोठा आहे का बघायचं. त्या नियमाने चालणाऱ्या संस्थेचं पहिलं चित्र असं, ज्यातला माणूस कोण हेच शंभर टक्के माहीत नाही. मला तर हे आवडतं.

---

रानजाई

मस्त धागा. पेटाराकाका, तुमच्या त्या माळ्यावरच्या पगडीवाल्यांचं काय झालं? तुम्ही दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलं होतं, आजी म्हणायची खापरपणजोबा आणि आत्या म्हणतात आजोबांचे सासरे.

---

जुनाट_पेटारा

अगं तेच, या धाग्यामुळे आठवलं. आत्ता स्टूल लावून काढली तसबीर. काच फुटायची भीती, म्हणून बायको खालून धरून उभी होती आणि शेक्सपिअरला शिव्या देत होती. मागचा पुठ्ठा वाळवीने अर्धा खाल्लाय, पण कोपऱ्यात पेन्सिलीने मोडीत नाही, चक्क बाळबोधीत लिहिलंय, 'अण्णा'.

आमच्या घरात चार अण्णा होऊन गेले.

---

कज्जेदलाल

वारस नोंद करून ठेवा.